दगडावर कोरलंय म्हणून पक्कं?

काही जण म्हणतात, थडग्यावरचा लेख सापडला की वंशावळ पक्की. इतकं सोपं नाही हो! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचंच घ्या. खापरपणजोबा हेन्रीसाठी त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीत दगड उभारला. हेन्री छळामुळे इंग्लंडमधला डेव्हनशर परगणा सोडून आठ मुलांसह इथे आला, असं त्यावर कोरलंय. पुढे संशोधकांनी इंग्लंडमधली दप्तरं चाळली, तर माणूस दुसऱ्याच परगण्याचा, सॉमरसेटचा निघाला! शिवाय हेन्रीचा मुलगा जोसेफ, नातूही जोसेफ, पणतू जॉन आणि त्याचा मुलगा परत जॉन, म्हणजे राष्ट्राध्यक्ष. मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त ताडून पाहिल्याशिवाय गुंता सुटत नाही. आणि हो, १७५२ पूर्वी इंग्लंडात आणि त्याच्या अमेरिकी वसाहतींत सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदीचं साल त्यामुळे एकाने मागे दिसतं, तेवढं सांभाळा.