निसर्गाशी जुळणारे स्थळविशिष्ट शिल्प : सामग्री महत्त्वाची की जागा?

प्रश्न

झाडी असलेल्या, ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या एका जागेसाठी कायमस्वरूपी शिल्प करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शिल्प निसर्गाशी एकरूप दिसावे, म्हणून लाकूड आणि दगड यांखेरीज काहीही वापरू नये, असा काम देणाऱ्यांचा आग्रह आहे. मला ही अट वरवरची वाटते. पण ती का पटत नाही, हे त्यांना नीट सांगता येत नाही. नैसर्गिक सामग्री वापरली की शिल्प आपोआप जागेशी जुळते का? नसेल, तर जुळणे कशावर ठरते?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. मायकेल हायझर यांनी १९६९ मध्ये नेवाडातील एका पठाराच्या कडेला ‘डबल निगेटिव्ह’ हे काम केले. त्यात बाहेरून आणलेली सामग्री जवळजवळ नाहीच. पण तेथील सुमारे २,४०,००० टन खडक उकरून दोन प्रचंड चर काढले आहेत. हे काम थोर आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, परंतु त्याला निसर्गाशी सौम्यपणे वागणारे कोणी म्हणणार नाही. याउलट, नॅन्सी होल्ट यांच्या ‘सन टनेल्स’मध्ये (१९७३–७६) यूटाच्या वाळवंटात काँक्रीटच्या चार नळ्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येक नळी साडेपाच मीटरच्या आसपास लांब आहे आणि माणूस सहज आत उभा राहू शकतो. सामग्री पूर्णपणे कारखान्यातली, तरीही नळ्यांची मांडणी अशी आहे, की अयनदिनांच्या (वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांच्या) सुमारास उगवता आणि मावळता सूर्य त्यांच्या पोकळीतून दिसतो. शिवाय त्यांच्या भिंतींत तारकासमूहांच्या आकृतीप्रमाणे भोके पाडली असल्यामुळे दिवसा आत प्रकाशाचे ठिपके सरकत राहतात. त्या नळ्या उचलून दुसरीकडे, वेगळ्या दिशेने ठेवल्या तर काम संपलेच.

तेव्हा काम देणाऱ्यांना एवढेच विचारावे, की हे शिल्प दुसऱ्या जागी हलवले तर त्यातले काय उणे होईल? ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर ते लाकडाचे असूनही केवळ बाहेर आणून ठेवलेले शिल्प आहे.

प्रतिसाद २

मी उद्यानरचनेच्या बाजूने लिहितो, कारण अशा चर्चेत जमिनीखालचे कोणी बोलत नाही. झाडांची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या अर्धा-पाऊण मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. म्हणून दगडाच्या ‘नैसर्गिक’ शिल्पासाठी सलग पाया खणला, किंवा दगड आणताना अवजड यंत्रे झाडांखालून नेऊन माती दाबली, तर नुकसान लगेच दिसत नाही. झाड काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते. अशा ठिकाणी जमिनीत फिरवून बसवलेल्या मोजक्या लोखंडी खांबांवर तोललेले शिल्प कितीतरी कमी त्रासाचे ठरते. उतारावर दुसरा प्रश्न पाण्याचा. चुन्या-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडांमधून पाणी झिरपते, फटींत नेचे आणि सरडे वस्ती करतात. सलग भिंत मात्र पाणी अडवते किंवा एका बाजूने वळवून धूप वाढवते.

गंजाचा थरच संरक्षण करतो म्हणून कोर्टेन पोलाद अनेकांना आवडते. पण तो थर घट्ट व्हायला ओले आणि कोरडे अशी आलटून-पालटून स्थिती लागते. ओढ्याकाठच्या सततच्या ओलीत, पानांच्या ढिगाखाली ते झिजतच राहते आणि गंजाचे पाणी खालच्या दगडांवर उतरते. जागा पाहिल्याशिवाय तेही निवडू नये.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मते मान्य; तरी माझ्या मते खरा पेच आपल्या प्रश्नातल्या ‘कायमस्वरूपी’ या शब्दात आहे. डेव्हिड नॅश यांनी १९७७ मध्ये वेल्समध्ये ॲशची २२ रोपे वर्तुळात लावली आणि त्यांना वर्षानुवर्षे वळण देत घुमटाचा आकार घडवला. पुढे बुरशीजन्य रोगाने ती झाडे गाठली, तेव्हा त्यांनी रोगाशी झुंजण्याऐवजी तोही कामाचाच भाग मानला आणि भोवती ओकची रोपे लावली. रॉबर्ट स्मिथसन यांची ‘स्पायरल जेटी’ (१९७०), म्हणजे सुमारे ४६० मीटर लांबीची बेसाल्टची सर्पिल वाट, यूटातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराची पातळी वाढल्याने काही वर्षांतच बुडाली. अनेक वर्षांनी ती वर आली, ती मिठाच्या पांढऱ्या थरासह. तेव्हा शिल्प जागेबरोबर बदलत जाणार, हे धरूनच ते करावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पण शिल्प बदलत जाईल, कदाचित नष्टही होईल, हे खर्च करणाऱ्यांच्या गळी कसे उतरवावे?

प्रतिसाद ३

तोंडी नव्हे, करारात लिहून. कोणता बदल कामाचा भाग मानायचा (शेवाळ, भेगा, रंग उडणे, मुळांनी सरकलेले दगड) आणि कोणता बिघाड मानून दुरुस्त करायचा, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत मांडावे. पडू शकणारा प्रत्येक भाग दुसऱ्या, म्हणजे दुरुस्तीच्या परिच्छेदात जावा, कारण तेथे माणसे वावरणार आहेत. शिल्प उतरवण्याची वेळ आल्यास ते कोण, कसे आणि कोणाच्या खर्चाने उतरवील, हेही आत्ताच ठरवावे. मात्र आराखडा काढण्यापूर्वी सर्व ऋतूंत जागा पाहण्याची मुदत आधी मागून घ्यावी. ओढा कुठवर चढतो हे कळल्यावर आपण निवडलेली जागाच बदलण्याची शक्यता बरीच आहे.