शब्दचर्चा : ‘अटक’, ‘थांबवून ठेवणे’ आणि रस्त्यावर अडवलेल्या चालकाचा वकिलाचा हक्क

प्रश्न (जळगाव)

माझा पुतण्या कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मालट्रक चालवतो. तिथे नव्याने आलेल्या मराठी चालकांसाठी तो कायद्याची माहिती देणारे टिपण तयार करीत आहे आणि त्याचे मराठी तपासून देण्याचे काम त्याने माझ्याकडे सोपवले आहे. त्यातील एक वाक्य असे : ‘अटक झाल्यावर तुम्हाला विनाविलंब वकील लावण्याचा हक्क आहे, परंतु रस्त्यावरील यंत्रात फुंकण्यापूर्वी तो मिळत नाही.’ मूळ इंग्रजीत ‘अरेस्ट’ आणि ‘डिटेन्शन’ असे दोन शब्द आहेत, पुतण्याने मात्र दोन्हींसाठी ‘अटक’ हा एकच शब्द वापरला आहे. ‘डिटेन्शन’साठी मराठीत वेगळा शब्द हवा का, आणि हवा असल्यास कोणता? ‘वकील लावणे’ हेही मला खटकते, पण नेमके का ते सांगता येत नाही.

प्रतिसाद (धुळे)

वेगळा शब्द हवाच, कारण आपण उद्धृत केलेल्या वाक्यातील ‘परंतु’ त्याच शब्दावर उभा आहे. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून श्वासाचा नमुना मागणे म्हणजे अटक नव्हे. मग हक्क जर अटकेनंतरच सुरू होत असेल, तर अटकेपूर्वी तो मिळत नाही हे सांगण्यासाठी ‘परंतु’ कशाला? कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेत, कलम १० मध्ये, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि असा हक्क आहे हे सांगितले जाण्याचा हक्क अटक झालेल्याला आणि ‘डिटेन’ केलेल्यालाही दिलेला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये, श्वासचाचणीसाठी पोलीस ठाण्यात यायला सांगितलेला चालक अटकेत नसला तरी ‘डिटेन’ केलेला असतो, असे ठरवले; १९८८ मध्ये तेच रस्त्यावरच्या प्राथमिक चाचणीलाही लागू केले. म्हणजे नाक्यावर थांबवलेल्या चालकाला तो हक्क तत्त्वतः आहे, आणि तरीही त्या काही मिनिटांपुरता तो बाजूला ठेवला जातो. सनदेच्या कलम १ मध्ये हक्कांवर वाजवी मर्यादा घालण्याची जी मुभा आहे, तिच्या आधारे न्यायालयाने ही मर्यादा मान्य केली. हक्क मुळात नसणे आणि असलेला हक्क काही वेळापुरता थोपवला जाणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ‘अटक’ हा एकच शब्द वापरल्याने ते अंतर पुसले जाते.

आता पर्याय पाहू. ‘स्थानबद्ध’ हा शब्द कोशात सापडेल, पण आपल्या वर्तमानपत्रांनी तो प्रतिबंधात्मक कायद्यांखाली महिनोन्महिने कारागृहात ठेवलेल्या माणसासाठी राखून ठेवला आहे. मशीनमध्ये फुंकण्यासाठी पाच मिनिटे उभ्या असलेल्या चालकाला तो लावला तर वाचक घाबरून जाईल. ‘ताब्यात घेणे’ म्हटले की पोलिसांच्या गाडीत बसवून नेल्याचे चित्र उभे राहते. ‘अटकाव’ हा कृती रोखण्याचा शब्द आहे, व्यक्तीला रोखण्याचा नाही. मला ‘थांबवून ठेवणे’ सर्वांत योग्य वाटते. ‘थांबवणे’ ही कृती क्षणात संपते. ‘ठेवणे’ जोडले की ती स्थिती चालू राहते आणि माणूस स्वतःच्या मर्जीने तिथून जाऊ शकत नाही, हा अर्थ आपोआप येतो. मराठीतील सहायक क्रियापदाने केलेले हे काम एखाद्या जड संस्कृत नामाने साधणार नाही.

प्रतिसाद (शिरपूर)

अहिराणीत हा भेद आमच्या चालकांच्या तोंडी आधीपासूनच आहे. ‘पोलिसनी थांबाडं’ आणि ‘पोलिसनी धरी लिधं’ ही दोन वाक्ये कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. मुंबई–आग्रा महामार्गावर नाकाबंदी असली की पहिले शेकडो वेळा घडते. दुसरे घडले की घरी फोन जातो. पण मला विचारायचे आहे ते असे, की आपल्याकडे थांबाडलेल्या चालकाला वकिलाला फोन करण्याचा हक्क आहे का?

प्रतिसाद (धुळे)

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क अटक झालेल्या व्यक्तीला दिलेला आहे. आपण सांगितलेल्या पहिल्या वाक्याला नव्हे, दुसऱ्या वाक्याला तो जोडलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे (कॅनडात हा आकडा ऐंशी आहे). गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासाचा नमुना मागू शकतो, आणि चाचणीत मद्य दिसले, किंवा संशयाला वाजवी कारण असताना चालकाने नमुना नाकारला, तर वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. कलम १८५ खाली अटक केल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्या व्यक्तीला सोडावे लागते. वकिलाचा प्रश्न अटकेच्या क्षणापासून येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३८ सांगते, की अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येईल, मात्र संपूर्ण चौकशीभर नव्हे. ‘दरम्यान’ आणि ‘भर’ या दोन छोट्या शब्दांवर इथे किती अवलंबून आहे, हे अनुवाद करणाऱ्याने विसरू नये.

आता ‘विनाविलंब’कडे येतो. वकिलाचा हक्क ‘विनाविलंब’ आणि श्वासाचा नमुना ‘तत्काळ’ असे दोन शब्द वापरले, की वाचक समजतो पहिला थोडा सैल आणि दुसरा घट्ट. तसे नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सनदेतील ‘विनाविलंब’चा अर्थ ‘तत्काळ’ असाच लावला. दोन्ही गोष्टी तत्काळच व्हायच्या आहेत, म्हणूनच एकीला थांबावे लागते. आणि चाचणी खरोखर तत्काळ होणार असेल तरच दुसरीला थांबवण्याचे समर्थन उरते. २०२३ च्या निकालात हे अगदी स्पष्ट झाले. पोलिसांकडे यंत्रच नव्हते, ते येण्याची वाट पाहावी लागणार होती, आणि चालकाने नमुना देण्यास नकार दिला. न्यायालयाने एकमताने म्हटले, की तत्काळ नमुना घेता येत नसताना केलेली ती मागणीच वैध नव्हती. त्यामुळे नकार हा गुन्हा ठरला नाही. टिपणात ‘लवकरात लवकर’ किंवा ‘शक्य तितक्या लवकर’ असे कुठे लिहिले असेल, तर ते काढून टाकावे ही माझी आग्रहाची विनंती आहे.

‘वकील लावणे’ का खटकते, तर आपल्याकडे वकील लावला म्हणजे वकीलपत्र दाखल झाले, तारखा सुरू झाल्या. ठाण्यातून फोनवर दहा मिनिटे बोलणारा वकील ‘लावलेला’ नसतो. ‘वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क’ म्हणावे. शिवाय १९९४ पासून तिथल्या पोलिसांना, विनामूल्य सल्ला देणाऱ्या वकिलाची सोय असेल तर तिची माहिती देणे बंधनकारक आहे. तेही टिपणात यावे, कारण पैशाअभावी गप्प बसणाऱ्या माणसाला त्याचीच सर्वाधिक गरज असते.

प्रतिसाद (शिरपूर)

अजून एक सुचवतो. टिपणाचे शीर्षक ‘मद्यधुंद चालकांसाठी’ असे काही असेल तर कृपया बदलावे. थांबवलेला प्रत्येक जण धुंद नसतो, आणि कॅनडाच्या कायद्यात वाहन चालवण्याची क्षमता मद्याने किंवा अन्य पदार्थाने कोणत्याही प्रमाणात कमी झालेली असणे एवढेच पुरते. ‘अमलाखाली वाहन चालवणे’ यात दारू, गांजा आणि झोप आणणारे औषध हे सगळे येते. अंमल म्हणजे सत्ता आणि अंमल म्हणजे नशेचा प्रभाव. दोन्हींत माणसाचा स्वतःवरचा ताबा दुसऱ्याकडे गेलेला असतो, त्यामुळे शब्द चपखल आहे.

प्रश्नकर्ता (जळगाव)

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. टिपणाच्या शीर्षकात ‘मद्यधुंद’ होता. तो काढून ‘अमलाखाली’ केला आहे. वाक्य आता असे झाले : ‘पोलिसांनी तुम्हाला थांबवून ठेवले किंवा अटक केली, तर तत्काळ वकिलाचा सल्ला घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. रस्त्यावरील श्वासचाचणी तत्काळ घेतली जात असेल, तर तेवढ्या वेळापुरता हा हक्क थांबतो. ठाण्यात नेल्यावर तो वापरता येतो आणि पोलिसांनी तो तुम्हाला सांगितला पाहिजे.’ त्याखाली आणखी एक ओळ घालायची आहे : रस्त्यावर वकिलाविना दिलेली उत्तरे पुढील तपासाला कारण म्हणून वापरता येतात, दोष सिद्ध करणारा पुरावा म्हणून नाहीत, असे २००५ च्या निकालात आहे. यातील ‘कारण’ आणि ‘पुरावा’ यांतला फरक ट्रकचालकाला एका वाचनात कळेल अशी शब्दरचना कोणी सुचवू शकेल का?