कलाशिक्षक पुरस्कार आणि रेखाकला परीक्षेचे निकाल

कलाशिक्षकांचा पुरस्कार ठरवताना त्यांच्या विद्यार्थ्यांना चित्रकलेच्या शासकीय रेखाकला परीक्षेत मिळालेल्या 'अ' श्रेणींची संख्या पाहावी, अशी सूचना या चर्चेत आली आहे; ती मला पटत नाही. या परीक्षेच्या इंटरमिजिएट या वरच्या टप्प्यातील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून अनेक शाळांत स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, आठवडी बाजाराचे एकच दृश्य, तीच छत्री आणि तीच पाठमोरी बाई, मुलांकडून घोटून घेतली जाते. अशा वर्गाचा निकाल उत्तम लागतो, पण मुलाने स्वतः पाहून काढलेली एक रेषाही त्यात सापडत नाही. परीक्षेने खेड्यापाड्यांत चित्रकला टिकवली, हे मात्र निर्विवाद आहे.

इंग्लंडमधील 'आर्ट्समार्क'चा उल्लेख चर्चेत आलेला नाही, म्हणून सांगतो. आर्ट्स काउन्सिल इंग्लंडचा हा सन्मान शिक्षकाला नव्हे, तर संपूर्ण शाळेला रौप्य, सुवर्ण किंवा प्लॅटिनम अशा स्तरांवर मिळतो. शाळा आधी कलाशिक्षणाची आपली उद्दिष्टे लेखी मांडते आणि पुढे प्रत्यक्षात काय बदलले याचे निवेदन देते, त्यामुळे मुख्याध्यापकांनाही उत्तरदायी राहावे लागते. आपल्याकडे चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणारे मुख्याध्यापक आणि त्याच शाळेतला पुरस्कारप्राप्त कलाशिक्षक एकत्र नांदतात, ते अशा पद्धतीत सहजासहजी शक्य होणार नाही.