आरएक्स १००: रीड आणि इनटेकचं काम घरी करायचं आहे, हात कुठवर घालायचा?

द्वारका_९४

गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १००. बोअर स्टँडर्ड, पिस्टन आणि रिंगा नव्या, सायलेन्सर मूळचाच, कार्बोरेटर मिकुनी २० मिमीचा. खाली ओढ चांगली आहे, पण चौथ्या गिअरला सत्तरच्या पुढे गाडी कोंडल्यासारखी वाटते. मेकॅनिकचं म्हणणं असं की पिस्टनचा मागचा स्कर्ट (खालचा घेर) ४ मिमी कापू, २४ चा कार्बोरेटर टाकू आणि एअर फिल्टरचा डबा काढून उघडा शंकू फिल्टर लावू.

माझ्याकडे डाय ग्राइंडर, व्हर्नियर, फीलर गेज आहे. कानस चालवता येते. रीडची (इनटेकच्या एकमार्गी झडपेची) पाती बदलणं आणि पोर्ट (सिलिंडरची हवेची तोंडं) जुळवणं घरी करायचा विचार आहे. तीन प्रश्न: स्कर्ट कापण्याने फायदा होतो का? पाती कसली आणि किती जाड घ्यावी? आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) किती वाढवायचा?

सातपूर_टूलरूम

स्कर्टला हात लावू नका. हा सल्ला येझदी-जावाच्या काळातून आलेला आहे. त्या इंजिनांत इनटेकचं दार म्हणजे खुद्द पिस्टन. स्कर्ट कापला की पोर्ट लवकर उघडतो आणि तेवढाच उशिरा बंद होतो. वर ताकद मिळते, खाली कार्बोरेटरमधून पेट्रोलची फवारणी उलट बाहेर येते. आरएक्सला दार म्हणजे रीड. आत ओढ लागली की पाती उघडते, दाब आला की मिटते. वेळ तीच ठरवते. पिस्टनला मागच्या अंगाला वाट आधीच ठेवलेली असते. कापून मिळणार काही नाही. उलट स्कर्ट आखूड झाला की पिस्टन बोअरमध्ये डुलतो, थंड इंजिन खडखडतं आणि कापलेल्या कोपऱ्यातून तडा जातो. स्कर्टचा तुकडा क्रँककेसमध्ये पडला तर पुढचं बिल सांगायला नको.

आता पाती. मूळची पातळ पोलादाची असते. ती वाईट नाही, पण जुनी झाली की टोकाला चिरते आणि तुटलेला तुकडा सरळ बिग-एंडच्या बेअरिंगकडे जातो. ग्लास फायबरची पाती तुटली तर निदान धातूचा तुकडा तरी आत फिरत नाही. मोटर वाइंडिंगचं सामान विकणाऱ्यांकडे काच-इपॉक्सीची पातळ शीट मिळते. ०.४ मिमीपासून सुरुवात करा. जाडीचा हिशेब नीट समजून घ्या: ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ०.३५ ऐवजी ०.४५ घेतली तर पाती थोडी नाही, दुपटीहून ताठ होते. ताठ पाती वरच्या आरपीएमला फडफडत नाही, पण खाली उघडायला जड जाते. शहरात सिग्नल-टू-सिग्नल चालवायची असेल तर ०.४ च्या वर जाऊ नका.

कापण्याची पद्धत: जुनी पाती शीटवर ठेवून टोकदार सुईने रेघ ओढा, रेघेच्या अर्धा मिमी बाहेरून धारदार कात्रीने कापा, मग दोन-तीन पात्या एकत्र चिमटून ६०० च्या ओल्या पेपरवर मापाला आणा. शेवटचा हात १००० चा. कडेला एकही धागा सुटलेला दिसता कामा नये, तडा तिथूनच सुरू होतो. स्क्रूची भोकं दोन लाकडांमध्ये शीट दाबून पाडा, नाहीतर मागच्या बाजूने पापुद्रा सुटतो. काचेची धूळ फुप्फुसात जायची नाही, म्हणून मास्क आणि पाणी, दोन्ही.

बसवल्यावर पाती सीटवर सगळीकडून टेकली पाहिजे. फीलर गेजची ०.२ ची पट्टी टोकाखालून सरकली तर ती पाती बाद. सोपी परीक्षा: ब्लॉक कार्बोरेटरच्या बाजूने तोंडाला लावून हवा ओढा. पाती मिटून राहिली पाहिजे आणि हवा येता कामा नये. फुंकलं की उघडलीच पाहिजे. स्टॉपरची उंची मूळची किती आहे ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा आणि तेवढीच राहू द्या. स्टॉपर वाकवून पाती जास्त उघडायची टूम जुनी आहे, पाती मुळाशी तुटायचं पहिलं कारणही तेच. स्क्रूला निळा थ्रेडलॉक, एकच थेंब, आटे आधी पेट्रोलने पुसून. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो, जोर लावला तर आटे हातात येतात.

गंगापूर_रोड_टू_स्ट्रोक

वरच्याशी सहमत, एका गोष्टीत भर. पातीपेक्षा जास्त फायदा बऱ्याचदा जोड जुळवण्यात मिळतो. मॅनिफोल्ड, पॅकिंग, रीड ब्लॉक, सिलिंडरचं तोंड, या चार गोष्टींची भोकं एका रेषेत जवळपास कधीच नसतात. पॅकिंग बसवून सिलिंडरच्या तोंडाला मार्किंग ब्लू लावा, जे निळं पॅकिंगच्या आत दिसतं तेवढंच घासायचं. बहुतेक ठिकाणी ते अर्धा ते एक मिमी निघतं. पॅकिंगच बाहेर डोकावत असेल तर आधी पॅकिंग कापा, धातू नंतर.

कार्बाइड बर ॲल्युमिनियममध्ये लगेच भरतो. थोडं रॉकेल लावत राहा. आत मधल्या भिंतीला आरपार जाऊ नका, तिथली जाडी बाहेरून कळत नाही. रीड ब्लॉकच्या आतल्या मधल्या पट्टीची कार्बोरेटरकडची बोथट कड गोल करा. हवा तिथे आपटते. पातीच्या सीटला मात्र कानस, पेपर, काहीही लावायचं नाही.

आरशासारखं पॉलिश करू नका. इनटेकला १२०-१५० च्या पेपरचा खरखरीतपणा पुरे. चकचकीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचून ओघळतात.

घासताना सिलिंडर गाडीवर ठेवू नका. उतरवा, आणि काम झाल्यावर आधी रॉकेल, मग गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ब्रशने धुवा, लगेच पुसून बोअरला तेल लावा. बोअर बिडाची असते, अर्ध्या तासात तांबूस होते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर आलं तर धुणं झालं.

द्वारका_९४

आभार. स्कर्टचा विषय बंद. कार्बोरेटर आणि शंकू फिल्टरचं काय? आणि जेट?

सातपूर_टूलरूम

२० वरून २४ म्हणजे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलं. ९८ सीसीच्या मूळ पोर्टिंगच्या इंजिनाला तेवढी हवा लागतच नाही. हवेचा वेग मंदावतो, जेटवर ओढ कमी पडते आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या सिग्नलवरून निघताना गाडी घरघर करते. आधी २० वरच काम करा.

फिल्टरचा डबा ठेवा. डब्यामुळे हवेची वाट लांब आणि शांत राहते, जेटिंग त्यावरच बांधलेलं असतं. शंकू लावला की मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आवाज वाढतो आणि पावसाळ्यात तो पाणी पितो. नाशिकच्या उन्हाळ्यात सिन्नरकडच्या धुळीला तेलात भिजवलेला स्पंजच बरा. फार तर डब्याचं तोंड कचऱ्याने बुजलंय का ते बघा, स्पंज धुवून हलकं तेल लावा. कोंडल्यासारखं वाटण्याचं कारण तिथेच सापडलं तर आश्चर्य वाटू नये. सायलेन्सरची नळी कार्बनने भरली असेल तरी असंच होतं.

नाशिकरोड_लॅब

जेट वाढवण्याआधी एक पायरी राहिली आहे, आणि हीच लोक गाळतात: इंजिन हवाबंद आहे का? तीस वर्षं जुनी ऑईल सील असतील तर इनटेक कितीही घासा, हवा दुसरीकडूनच शिरणार आणि पिस्टन पकडणार, म्हणजे तापून बोअरमध्ये अडकणार.

घरचा उपाय म्हणजे बीपी मोजायचं जुनं यंत्र. फुगा, घड्याळ आणि नळी वापरायची, दंडाची पट्टी काढून टाकायची. घड्याळ ३०० मिमीपर्यंत जातं, म्हणजे सुमारे ५.८ पीएसआय. टू-स्ट्रोकच्या चाचणीला तेवढंच लागतं आणि सीलही उलटत नाही.

कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढा. एक्झॉस्टवर ट्यूबचा रबर ठेवून सपाट पट्टीने आवळा. पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहून वरचं-खालचं एक होतं. प्लग लावा. मॅनिफोल्डच्या तोंडात रबरी बूच, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याला बीपीची नळी. ऑईल पंपाची नळी येत असेल तर तीही बंद करा. ३०० पर्यंत फुगवा आणि पाच मिनिटं बघा. मिनिटाला ५० मिमीपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. चांगलं इंजिन याच्या कितीतरी कमी उतरतं. आधी बुचाभोवती साबणाचं पाणी लावा, बहुतेक वेळा चोर तिथेच असतो. मग मॅनिफोल्ड, सिलिंडरचं खालचं पॅकिंग, हेड, आणि मॅग्नेट काढून त्यामागचं सील. क्लचकडचं सील दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑईलच्या झाकणाची जागा बंद करून ब्रीदरच्या नळीचं टोक पाण्यात धरा. बुडबुडे आले तर तेच सील.

लक्षणांवरूनही कळतं. मॅग्नेटकडचं सील गेलं तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम उशिरा खाली येतो. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑईल कमी होतं आणि मागून दाट पांढरा धूर निघतो, त्या वासात गिअर ऑईल ओळखू येतं.

एक तांत्रिक गोष्ट: मॅनिफोल्डकडून दाब दिला तर रीड उघडते, म्हणून चाचणी होते. उलट ओढ देऊन तपासायचं असेल तर तिथून चालत नाही, रीड मिटते. मग प्लगच्या भोकातून ओढायचं.

आता जेट. आकडा विचारू नका, दिशा सांगतो. जेटवर कोरलेला आकडा लिहून घ्या. इनटेक मोकळा केल्यावर आधी दोन पायऱ्या मोठा टाका आणि वरून खाली या. जास्त पेट्रोलने गाडी अडखळते, कमी पेट्रोलने पिस्टन वितळतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जेटचे आकडे एकमेकांशी ताडू नका, कुठे तो प्रवाह असतो तर कुठे भोकाचा व्यास.

हल्लीच्या पंपावरच्या पेट्रोलचा हिशेबही धरा. ई-२० मध्ये इथेनॉल असल्यामुळे त्याला हवा कमी लागते, वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आधीच सात-आठ टक्के पातळ चालते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने हवा विरळ, त्यामुळे यातलं सुमारे तीन टक्के परत मिळतं. पण कसारा उतरून मुंबईकडे गेलात की ते तीन टक्केही गेले. शिवाय मे महिन्यातली ४० डिग्रीची दुपार आणि डिसेंबरमधली १० डिग्रीची पहाट यांत हवेच्या घनतेचा फरक दहा टक्क्यांचा. उन्हाळ्यात बारीक लावलेला जेट थंडीत पिस्टन पकडतो. सेटिंग थंडीच्या सकाळीच करा.

क्रम: आधी मेन जेट, मग नीडलची क्लिप, शेवटी पायलट आणि एअर स्क्रू. पूर्ण पिळल्यावर मेन जेट बोलतो, पाव ते पाऊण नीडल, अगदी सुरुवातीला पायलट. क्लिप एक खाच खाली म्हणजे नीडल वर, मिश्रण घट्ट. एअर स्क्रू दीड आट्यावर ठेवून सुरुवात करा. बाहेर काढला की पातळ, हे उलटं वाटतं म्हणून लोक चुकतात.

प्लग बघायची रीत: नवा प्लग, इंजिन गरम, तिसऱ्या गिअरला पूर्ण पिळून थोडं अंतर, मग एकाच वेळी क्लच दाबून चावी बंद. प्लग काढून चिनी मातीच्या अगदी मुळाशी बघा, टोकाला नाही. मुळाशी तपकिरी कडं हवं. पांढराफटक किंवा बारीक चकाकते ठिपके दिसले तर थांबा, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. हे रहदारीच्या रस्त्यावर करायचं काम नाही, रहदारी नसलेली मोकळी जागा शोधा.

गंगापूर_रोड_टू_स्ट्रोक

ऑईल पंप काढून टाकीत मिक्स करत असाल तर अजून दोन गोष्टी. लिटरला २५ मिली म्हणजे ४०:१. "सुरक्षित" म्हणून ४० मिली टाकलंत तर त्याच जेटमधून पेट्रोल तेवढंच कमी गेलं, म्हणजे मिश्रण पातळ झालं. तेल बदललं की जेट पुन्हा बघायचा. दुसरं, कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद ठेवून इंजिन ब्रेकवर उतरू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि आरपीएम वर. दर काही सेकंदांनी थोडं पिळा, किंवा क्लच दाबा.

पंचवटी_पेपरवर्क

कोणी कागदांचं बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. त्याच मापाची पाती आणि जेट यांचा तिथे प्रश्न येत नाही, सिलिंडर आणि सीसी बदलली की येतो. आवाजाचं कलम १९०(२) वेगळं, त्यात पहिल्याच वेळी दंड १०,००० पर्यंत जातो, म्हणून शंकू आणि पोकळ सायलेन्सर महागात पडतात. १९९४ च्या गाडीला पीयूसीत आयडलला सीओ ४.५ टक्के आणि एचसी ९००० पीपीएमची मर्यादा आहे. तपासणी आयडलवर होते, त्यामुळे मेन जेट कितीही मोठा असला तरी निकाल पायलट आणि एअर स्क्रूच ठरवतात. आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, तेव्हा इंजिन नंबर वाचता आला पाहिजे. घासताना केसवरचा तो भाग टेप लावून झाका.

द्वारका_९४

बीपीच्या यंत्राने तपासलं. ३०० वरून दोन मिनिटांत १४० वर. साबणाचे बुडबुडे मॅग्नेटच्या मागून. सील आणि पॅकिंग मागवतो, पातीची शीट नंतर.