अनुभव धागा: इंग्रजी शब्द पाठ होतात, मग ऐनवेळी तोंडात का येत नाहीत?

अर्थ विचारला तर सांगता येतो, पण बोलताना तोच शब्द सुचत नाही. ही तक्रार कोल्हापुरात विद्यापीठापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ज्यांनी इंग्रजी शिकवलंय किंवा कामापुरतं मुरवलंय, त्यांनी इथे लिहावं. 'रोज इंग्रजी पेपर वाचा' एवढंच नको. किती, कसं आणि कुठं अडतं ते लिहा.

शाहूपुरी मास्तर

वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, इथंच घोळ होतो. अशी यादी वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, पण आठवावा लागत नाही. बोलताना तर मराठीकडून इंग्रजीकडे जायचं असतं. म्हणून पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चिठ्ठ्या कापा. पुढे मराठी वाक्य, मागे इंग्रजी वाक्य. सुटा शब्द लिहू नका. 'चूक' म्हणजे 'मिस्टेक' एवढंच पाठ केलेला मुलगा हमखास 'डू अ मिस्टेक' म्हणतो. 'मेक अ मिस्टेक' ही जोडी एकत्रच डोक्यात जायला हवी.

चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा सोळा. आठवलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. कप्प्यांची ही कल्पना जर्मन विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांची, 1970च्या दशकातली. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो हे मात्र मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 सालीच मोजून दाखवलं होतं. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच का, त्याचं कारण हे.

नव्या चिठ्ठ्या रोज आठच. वीस घातल्या की पंधरवड्यात उजळणीचाच ढीग साचतो आणि खोकं माळ्यावर जातं. आणखी एक: 'बॉरो' आणि 'लेंड' एका दिवशी घालू नका. आपल्याकडं दोन्हीकडं 'उसने'च, त्यामुळं जोडीनं शिकलेले जोडीनंच गोंधळतात. एक पक्का झाल्यावर आठवड्यानं दुसरा.

उद्यमनगरकर

आमच्या फाउंड्री लाइनला नामांची अडचणच नाही भावा. पॅटर्न, कोअर, ब्लो होल, श्रिंकेज हे मोल्डिंगवरचा गडीबी बोलतोय. अडतंय ते मेलमध्ये, क्रियापदावर.

परदेशी गिऱ्हाइकाला 'काइंडली डू द नीडफुल' लिहिलं तर नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही. 'प्लीज सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग बाय फ्रायडे' असं काम आणि तारीख दोन्ही लिहा. 'रिव्हर्ट' तर ड्रॉइंगच्या बाबतीत धोक्याचा. आपण 'उत्तर द्या' म्हणून लिहितो, समोरचा 'जुन्या रिव्हिजनवर परत जा' असा अर्थ घेऊ शकतो. सरळ 'रिप्लाय' लिहा. 'प्रीपोन' भारतात चालतो, बाहेर 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणा. 'डिस्कस'च्या मागं 'अबाउट' लावू नका.

शब्द कुठून घ्यायचे? गिऱ्हाइकाच्याच जुन्या मेलमधनं. दहा मेल काढून दोनदा-तीनदा आलेले तुकडे अधोरेखित करा: 'सब्जेक्ट टू', 'अॅट शॉर्ट नोटीस', 'विथ इफेक्ट फ्रॉम'. एवढ्यावर निम्मा पत्रव्यवहार निघतोय.

भवानी मंडप

18 ऑगस्ट 2025 पासून इथे कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. तालुका कोर्टात मराठीत काम करणाऱ्यांना आता इंग्रजी टाळता येणार नाही, कारण घटनेच्या अनुच्छेद 348 प्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी.

कठीण लॅटिन शब्द लोक पाठ करतातच. फसवतात ते सोपे. 'लीव्ह' म्हणजे परवानगी, 'प्रेयर' म्हणजे याचिकेतली मागणी, 'सर्व्हिस' म्हणजे नोटीस बजावणं, 'फाइंडिंग' म्हणजे न्यायालयाने नोंदवलेला निष्कर्ष. यांच्या चिठ्ठ्या क्रियापदासकट करा: 'सीक लीव्ह', 'सीक अॅन अॅडजर्नमेंट', 'व्हेकेट द स्टे'. 'डिस्पोज्ड ऑफ' म्हणजे निकाली, फेटाळलं असं नव्हे; पक्षकाराला सांगताना इथं गफलत झाली तर महागात पडते.

मिरजकर तिकटी

वाक्प्रचारांबद्दल. समजायला दोनशे असू देत, वापरायला पंधरा पुरेत. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शाळेत सगळ्यांना येतं, पण गगनबावड्याच्या पावसालाही आजचा इंग्रज बहुधा 'इट्स पोअरिंग' म्हणेल. 'किक द बकेट' हे थट्टेतलं, सांत्वनाच्या पत्रात तिथं 'पास्ड अवे'. शिवाय मोडतोड चालत नाही: 'स्पिल द बीन्स'मधली बी एकवचनी केली की अर्थच गेला.

फ्रेझल व्हर्ब लिहिताना मध्ये किंवा शेवटी 'इट' घालूनच लिहा: 'पुट इट ऑफ', 'कॉल इट ऑफ', पण 'लुक आफ्टर इट', 'पुट अप विथ इट'. 'इट' कुठं बसतं ते एकदा डोक्यात गेलं की नियम पाठ करायची गरज नाही.

नवीन सभासद

चिठ्ठ्या कंटाळवाण्या आहेत. नुसतं वाचून होत नाही का?

वाचनकट्टा

होतं, पण पुस्तक बेतानं निवडा. विनाअडथळा समजण्यासाठी शंभरातले साधारण 98 शब्द माहीत असावे लागतात. एका पानावर तीनशे शब्द धरा. अनोळखी सहापर्यंत असले तर घ्या, पंधराच्या वर गेले तर परत कपाटात. करवीर नगर वाचन मंदिरात बसून एक पान मोजायला पाच मिनिटं लागतात. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठीचा घ्या, त्यातले अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत दिलेले असतात. इंग्रजी-मराठी कोशात प्रतिशब्द मिळतो, पण शेजारचं क्रियापद बरेचदा मिळत नाही.

आणि वाचून कळलेलं बोलण्यात आपोआप उतरत नाही. दहातले दोन-तीन तरी चिठ्ठीवर घ्याच.

शाहूपुरी मास्तर

मराठीतून थेट येणाऱ्या चुकांची वेगळी गड्डी करा. परीक्षा 'गिव्ह' नाही, 'टेक'. गोळी 'ईट' नाही, 'टेक'. स्वप्न 'सी' नाही, 'हॅव'. लाइट 'क्लोज' नाही, 'स्विच ऑफ'. दोन वर्षांपासून म्हणजे 'सिन्स टू इयर्स' नाही, 'फॉर टू इयर्स'. आणि 'च'साठी जिथंतिथं 'ओन्ली' नको.

रंकाळा टॉवर

उच्चाराचं राहिलं. चिठ्ठीवर आघात नोंदवा, म्हणजे शब्दाच्या कुठल्या अवयवावर (सिलेबलवर) जोर द्यायचा ते. कोशात आघाताच्या अवयवाआधी वर छोटी उभी रेघ असते. 'रेकॉर्ड' नाम असेल तर आघात पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'रिसीट'मधला पी आणि कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी गप्प. 'कम्फर्टेबल' आपण अक्षर न् अक्षर म्हणतो, ते तीन अवयवांत 'कम्फ्टबल' असं उरकतं. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपल्या तोंडी एकच होतात: पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लावा, दुसऱ्याला ओठांचा चंबू करा, दात लागू देऊ नका.