एम५ अल्ट्राची वाट पाहावी काय?

वडसेकर:
वडसा येथे माझा व्हिडिओ संकलनाचा लहान स्टुडिओ आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की रात्रभर चालणारे प्रयोग तीन कॅमेऱ्यांवर घेऊन ते जोडण्याचे काम माझ्याकडे येते, आणि जुना संगणक फोर-के चित्रणापुढे आता हात टेकतो. ॲपलच्या मार्च २०२५ च्या मॅक स्टुडिओ या मेजावरच्या संगणकात एम४ मॅक्स आणि एम३ अल्ट्रा या चिपांचे दोन पर्याय आहेत. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिप आल्यामुळे पुढच्या मॅक स्टुडिओत एम५ अल्ट्रा असेल, असा माझा कयास आहे. होळीपर्यंत थांबावे काय?

आर्वीकर:
भाऊ, कयास खरा ठरेलही, पण तो गृहीत धरू नका. अल्ट्रा म्हणजे दोन मॅक्स चिपा एकमेकींना जोडून केलेली चिप. एम४ मॅक्समध्ये त्यासाठी लागणारी जोडणीच नव्हती, म्हणून तिच्या शेजारी मागच्या पिढीची अल्ट्रा विकावी लागली. प्रत्येक पिढीत अल्ट्रा असेलच असे नाही, हे ॲपलनेही सांगितले आहे. शिवाय तीन कॅमेऱ्यांच्या कामाला अल्ट्रा लागतेच कशाला? मार्च २०२५ मध्ये एम३ अल्ट्रासोबत देऊ केलेली ५१२ जीबीपर्यंतची मेमरी नाटकाच्या संकलनात पडूनच राहील.

पुसदचा वाचक:
मी विंडोजवाला आहे, तेव्हा माझे मत त्या बेताने घ्यावे. मॅक स्टुडिओची मेमरी मागाहून वाढवता येत नाही, तर एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) मदरबोर्डवर पुढे नवा प्रोसेसर बसवण्याची सोय राहते. एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे. मात्र आरटीएक्स ५०९० या एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या मोहात पडू नका. ते कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत वीज घेते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना भारनियमनात ते इन्व्हर्टरवर चालवणे म्हणजे उसाच्या चरकाला शेळी जुंपण्यासारखे आहे. त्यातच रॅमचे भाव चढत आहेत, म्हणून थांबल्याने स्वस्त मिळेल ही आशाही धरू नये.

वडसेकर:
दोघांचेही आभार. होळीला नवे यंत्र आले तरी तोवर हंगाम उलटलेला असेल, म्हणून एम४ मॅक्स ६४ जीबी मेमरीसह घेतो आणि साठवणुकीवर जादा खर्च न करता चित्रण बाहेरच्या एसएसडीवर ठेवतो. यूपीएस किती व्हीए क्षमतेचा लागेल, तेवढे कृपया सांगावे.