बाबांच्या खाकीतून भिंतीवरची छोटी गोधडी करायची आहे, सल्ला हवा

पिवळीजाई:
नमस्कार मंडळी. माझे बाबा एसटीत कंडक्टर आहेत, ३१ ऑगस्टला रिटायर होतात. त्यांचे जुने खाकी शर्ट आईने फरशी पुसायला काढले होते, ते मी लपवून ठेवलेत. त्यातून भिंतीवर लावायची लहानशी गोधडी करायची आहे, दोन फूट बाय अडीच फूट. त्यावर बाबांचा रूट काढायचा: यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. दिग्रसजवळ अरुणावतीचं धरण, एखादा पळस आणि लाल गाडी. सगळं हातशिलाईनं. धावदोरा आणि साखळी टाका येतो, गोट (कडेला लावायची पट्टी) लावता येत नाही. आत काय भरू? खाकीसोबत कोणतं कापड चालेल? बजेट ८०० रुपये. वर एक रुपया जाणार नाही, घरात कोणाला मागता येत नाहीत ना.

नागपूरकरीण:
आधी मशीन घे. मी मागच्या दिवाळीत मोटरवालं घेतलं, दहा हजारांच्या आतबाहेर. तेव्हापासून पडदे, उशांच्या खोळी, सुनेचे ब्लाउज, सगळं घरीच. हातानं करत बसशील तर पुढची दिवाळी उजाडेल.

पिवळीजाई:
ताई, बजेट ८०० आहे.

नागपूरकरीण:
हप्त्यावर मिळते.

शेंदुरजनाची_माय:
पोरी, वाकय शिवाले मशीन कायले लागते वं? आमच्या सासूनं अर्ध्या गावाले वाकया शिवून देल्या, मशीन काय तिनं डोयानं पायली नाई. आत जुनं सुती लुगडं टाक, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवं कापड आत घालू नोको, ते मागून आटते अन् वरचं सारं चुरगयते. पन मले येक सांग, भित्तीवर कायले टांगतं? वाकय अंगावर घ्याची असते. बापाले हिवाळ्यात कामी पडन अशी मोठी कर.

भाऊ_कापूसवाले:
रुई माझ्याकडून घेऊन जा ताई, फुकट. आपल्या ओळखीचं जिनिंग आहे. यवतमाळ जिल्ह्यातली पोरगी अन् गोधडीत लुगडं भरते, शोभते का? ह्या वर्षी भाव तर मिळाला नाही, निदान गोधडीत तरी कामी पडू द्या.

शेंदुरजनाची_माय:
भाऊ, जिनिंगची रुई तशीच भरली का गोये होतेत. पिंजून पायजे. पिंजारी आता येते का कोनाच्या गावात?

पुणेरी_वऱ्हाडी:
मी मूळची आर्णीची, आता पुण्यात. इथे क्विल्टिंगचा क्लास केलाय. आत कॉटन बॅटिंगच (भरायचा कापसाचा तयार थर) घालावं, ऑनलाइन मिळतं. सोबत रोटरी कटर, कटिंग मॅट आणि क्विल्टिंगची पट्टी घेऊन टाक, कोन अचूक येतात. माझ्या पहिल्या कलाकृतीला सोसायटीत बक्षीस मिळालं होतं.

वणीचा_दाजी:
कटर-मॅटमध्येच ८०० संपते बाई. त्यापेक्षा बाबांना चांगलं घड्याळ दे. आमच्या भावाला रिटायरमेंटला चार शाली, दोन भिंतीवरची घड्याळं अन् एक विठ्ठलाची मूर्ती आली. शाली अजून कपाटात आहेत.
आणि लाल कापड घेताना जपून. आमच्या बहिणीने पांढऱ्यावर लाल फुलं शिवली होती, पहिल्याच धुण्यात पूर्ण गुलाबी झाली. मिठाच्या पाण्यात भिजवून ठेव, रंग पक्का होतो.

सुईवाली:
मिठानं पक्का होत नाही, दादा. रंगवताना मिठाचा उपयोग होतो, रंग चढलेल्या कच्च्या कापडावर नाही. लाल तुकडा ओला करायचा, पांढऱ्या फडक्यात दाबायचा आणि वाळू द्यायचा. फडक्याला डाग आला तर ते कापड सोडून द्यायचं.

जाई, आता खाकीचं. एक धागा ओढून जाळून बघ. कागद जळल्यासारखा वास आणि बोटानं चुरणारी राख, तर सुती. टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. शर्ट बहुतेक मिश्र निघतील. तसं असेल तर इस्त्री गरम नको, मधे सुती फडकं ठेवून फिरव, नाहीतर चकाकी येते. मिश्र खाकी हाताने शिवायला कडक असते, तीन पदरांतून टाका घालताना बोटं जातात. म्हणून तळ मऊ सुती ठेव आणि खाकी वरून तुकड्यांनी जोड.

भिंतीवर लावायचं असेल तर जाडीची गरजच नाही. रुई नको, बॅटिंग नको, जुन्या सुती चादरीचा एक पदर पुरतो. आणि रस्ता वेगळा भरू नकोस. तिन्ही पदर कच्च्या टाक्यांनी मधून बाहेर जोडून घे, मग यवतमाळ ते पुसद काळ्या दोऱ्याचा धावदोरा थेट आरपार घाल. रस्ता तोच आणि गोधडीची शिलाईही तीच. धरणाच्या पाण्याच्या लाटाही तशाच, दोन-दोन बोटांवर. भरतकामाच्या दोऱ्याचे सहा पदर असतात, त्यातले तीन घे.

रूळावरचा:
रूट काढताय आणि शकुंतला रेल्वे नाही? यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्हा-कारंजामार्गे. दारव्ह्याला स्टेशन आहे, मग गाडी हवीच.

वणीचा_दाजी:
वडील एसटीत आहेत भाऊ, रेल्वेत नाही.

रूळावरचा:
म्हणून काय इतिहास पुसायचा? नॅरोगेज, दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. गोधडीही अडीच फूट लांब. पूर्ण मापाचे रूळ बसतील.

भाऊ_कापूसवाले:
ती गाडी तर कापसासाठीच टाकली होती इंग्रजांनी. म्हणूनच म्हणतो, आत रुई भरा.

नागपूरकरीण:
कापड हवं असेल तर नागपूरला गांधीबागेत ये, कटपीस किलोवर मिळतो. मीच दोन पोती आणून ठेवलेत.

खादीप्रेमी:
वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगाची खादी मिळते. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेली संस्था. तळाला तीच वापरा. बाकी कापडाला हात लावू नका.

पिवळीजाई:
वर्धा जाऊन-येऊन तिकिटातच बजेट जाईल. बाबांच्या पासवर जाऊ म्हटलं तर बाबांनाच सांगावं लागेल 😀 कापडाचं जमलं आहे, गावातल्या टेलरकाकांनी अस्तराचे तुकडे फुकट दिले. धागा जाळून पाहिला, मणी झाला. गोटाचं कोणीच सांगितलं नाही.

शेंदुरजनाची_माय:
गोट लावूच नोको. मागचं अस्तर चारी बाजूनं दोन बोटं जास्त ठेव, पुढं मुडप अन् तुरपाई करून टाक. आमी तसंच करतो. अन् लुगडं घाल म्हनते ना आत.

सुईवाली:
काकूंचं बरोबर आहे. वेगळा गोट लावायचा तर नऊ फूट घेराला जोड धरून दहा फूट पट्टी कापावी लागली असती. कोपऱ्यात आधी टोक आत मोड, मग दोन्ही बाजू.
मागे वरच्या कडेला तीन-चार बोटं रुंदीची कापडी नळी शिव आणि त्यात बांबूची काडी घाल. खिळे थेट कापडात मारलेस तर मधे झोळ पडतो.

पुणेरी_वऱ्हाडी:
काडी वगैरे गावठी दिसेल. काचेची फ्रेम कर, बाराशेपर्यंत होते.

वणीचा_दाजी:
पावसाळ्यात काचेमागे बुरशी धरते. आमच्या लग्नाच्या फोटोची काय दशा झाली ते विचारू नका.

शेंदुरजनाची_माय:
शर्टाचे खिसे आधी उसवून टाक पोरी, जाड शिलाई आडवी येते. अन् शाईचे डाग असतीन तं लिंबू लाव.

सुईवाली:
खिसे उसवच. डाग नाही गेले तर तो भाग सोडून काप.

पिवळीजाई:
सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगते, रागावू नका.

आत काहीच भरत नाही. खाकी, चादर, अस्तर असे तीन पदर करून पाहिले, दोन सुया मोडल्या. खाकी आणि अस्तर एवढ्यातून ९ नंबरची सुई नीट जाते, म्हणून दोनच पदर. तळ खाकीचाच, मऊ कापडावर तुकडे नाही. सुईवाली ताई, बोटाला टोपण घालून बसते आहे, पण बाबांचा शर्ट तुकड्यात नको वाटला.

खिसाही ठेवला, शाईच्या डागासकट. डावीकडचा, बटणासह, पुसदच्या बाजूला आला आहे. बाबांकडे ट्रेमधली जुनी पंच केलेली तिकिटं आहेत. तिकिटाचं मशीन आल्यावर ट्रे जमा केला, पण उरलेली काही त्यांनी वहीत ठेवलीत. ती खिशात ठेवणार, शिवून टाकणार नाही, म्हणजे धुताना काढता येतील. पळस रद्द, वेळ नाही. शकुंतलाही नाही, सॉरी. लाल गाडीचं कापड फडक्यावर तपासलं, डाग आला नाही.

माय, अस्तर पुढे मुडपायची तुमचीच पद्धत घेतली. काडी दारामागच्या तुराट्यांतून निवडते आहे. आतापर्यंत १४० रुपये गेले, सुया आणि दोऱ्याचे.

शेंदुरजनाची_माय:
आत काईच नाई तं वाकय कशी म्हनाव? पडदा हाय तो. तुरीची काडी नोको, कीड लागते अन् मोडते. बांबूच घे. टाके मात्र येकसारखे घालजो.

भाऊ_कापूसवाले:
म्हणजे रुई नकोच?

रूळावरचा:
दारव्ह्याच्या ठिपक्याशेजारी निदान दोन आडव्या रेघा तरी मारा. कोणाला कळणार नाही.

धामणगावचा_पोस्ट्या:
आताच वाचलं. माझ्याकडेही जुनी खाकी पडून आहे, पोस्टातली, पण ती सुती आहे. सुई कोणत्या नंबरची म्हणालात? बजेट ५००.

सुईवाली:
९. वर लिहिलंय.

नागपूरकरीण:
५०० मध्ये हाताने कशाला? मशीन घ्या.